आमिश प्रेमकथा आणि प्रसिद्धीचे वलय : पार्श्वभूमी

साधेपणाने, जगापासून वेगळे राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती समाजाच्या पार्श्वभूमीवर लिहिल्या जाणाऱ्या अमेरिकी प्रेमकथांमध्ये एक कथानक पुन्हा पुन्हा भेटते. नावारूपाला आलेला गायक, खेळाडू किंवा अभिनेता कॅमेऱ्यांना विटून पेनसिल्व्हेनियातील किंवा ओहायोतील एखाद्या शेतावर आसरा घेतो, त्या घरातील मुलगी त्याच्यावर जीव लावते आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत त्याला मनःशांती व तिला नवरा मिळतो. या कादंबऱ्या अपेक्षाभंग करतात, ही तक्रार हा प्रकार नेमाने वाचणाऱ्यांचीही असते. तिचा रोख मात्र बहुधा नायकाच्या उथळपणावर किंवा सपक संवादांवर असतो. प्रस्तुत टिपणाच्या मते दोष त्याहून खोलवर आहे. प्रसिद्धीपासून दूर राहणे हा या समाजात कोणा एकीच्या मनाचा कौल नसून संपूर्ण मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्च-समुदायाने, ठरवलेला आचार आहे आणि प्रसिद्धी त्यांच्या दाराशी आली ती कोणा थकलेल्या ताऱ्याच्या पावलांनी आलेली नाही. ती आणणाऱ्यांत सरकारी खात्याचाही हात होता.

फार मागे जाण्याचे कारण नाही. 1693 मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सास (आजच्या फ्रान्समधील प्रदेश) येथील पुनर्बाप्तिस्मावादी, म्हणजे बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा असे मानणाऱ्या, मंडळ्यांमध्ये जी फूट पडून आमिश वेगळे झाले, तिच्या मुळाशी बहिष्कृताशी किती कठोरपणे वागावे हा वाद होता, आणि अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाला आलेल्या कुटुंबांनी तो वादही बरोबर आणला, एवढे येथे पुरे. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाचा प्रसार झाला, तेव्हा कोरीव मूर्ती करू नये या बायबलमधील आज्ञेचा आधार घेऊन छायाचित्रासाठी मुद्दाम उभे राहणे निषिद्ध ठरले. त्यामागची खरी भीती गर्वाची होती. जो स्वतःचा चेहरा जपून ठेवतो तो स्वतःला इतरांहून वेगळा समजू लागतो, असा त्यामागचा विचार. बाहेरच्या लेखकांनी या समाजावर कादंबऱ्या लिहायला 1905 च्या सुमारासच आरंभ केला होता. 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीत एकखोली शाळा बंद करण्यावरून तंटा झाला, तेव्हा मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे वळले आणि 1955 मध्ये ब्रॉडवेवर आमिश जीवनावरील संगीत नाटक आले. त्यानंतरच्या काळात या काउंटीत पर्यटनाचा धंदा फोफावला.

1984 मधील घडामोडींकडे मात्र सावकाश पाहावे लागते, कारण आजच्या कादंबरीतला प्रसिद्ध नायक त्याच वाटेने आला आहे. त्या वर्षी हॉलिवूडच्या एका बड्या कंपनीने लँकेस्टर काउंटीत चित्रीकरण केले. शहरी पोलीस अधिकारी एका आमिश विधवेच्या घरी लपून राहतो, असे त्या चित्रपटाचे सूत्र होते. चित्रीकरणासाठी जागा मिळवून देण्यात राज्याच्या वाणिज्य खात्याने साहाय्य केले. राज्यात बाहेरचा पैसा यावा, हॉटेले भरावीत, स्थानिकांना काम मिळावे, हा त्या खात्याचा हेतू होता आणि खात्याच्या चौकटीत तो गैर म्हणता येणार नाही. आमिश वडीलधाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. आमच्यातील कोणीही कॅमेऱ्यासमोर उभे राहणार नाही हे ठाऊक असताना आमचा वेष, आमची बोली आणि आमची प्रार्थना वेतन घेणाऱ्या नटांकरवी करवून घेतली जाते, आणि आम्ही ज्या सरकारला कर भरतो तेच त्याला हातभार लावते, अशी त्यांची तक्रार होती. चित्रपट आला की बघ्यांची गर्दी आणखी वाढेल, ही व्यावहारिक चिंताही तिच्यात होती.

एरवी सरकारदरबारी पाऊल न टाकणाऱ्या या लोकांनी त्या वेळी राज्याच्या अधिकाऱ्यांशी बोलणी केली, हीच मुळात असाधारण गोष्ट होती. बोलण्यांमधून समझोता निघाला तो असा की, चित्रपटाचा किंवा दूरचित्रवाणी मालिकेचा विषय म्हणून आमिश समाजाची जाहिरात वाणिज्य खाते यापुढे करणार नाही आणि तसा विचार घेऊन येणाऱ्यांना समाजाच्या तीव्र विरोधाची कल्पना देईल. या समझोत्याची बाजू घेणारे त्याला मोठा विजय मानतात. टीकाकारांचे म्हणणे असे की, तोवर चित्रीकरण उरकले होते आणि खासगी निर्मात्याला असे आश्वासन मुळीच बांधून ठेवत नाही. टीकाकारांची बाजू अधिक सबळ वाटते. 1985 च्या फेब्रुवारीत चित्रपट प्रदर्शित झाला, त्याला ऑस्करची आठ नामांकने व दोन पुरस्कार मिळाले आणि गावकरी मिळून धान्याचे कोठार उभारतात ते दृश्य जगभर पोहोचले. तो चित्रपट समाजाकडे आदराने पाहतो, हे त्याच्या बाजूने सांगितले जाते व ते खरेही आहे. पण आदराने पाहिले तरी ते पाहणेच होते, आणि हरकत पाहण्याला होती.

त्या चित्रपटाने एक गोष्ट मात्र अचूक धरली होती. त्यातील विधवा बाप्तिस्मा घेतलेली आहे. आमिश मुलगा किंवा मुलगी जाणत्या वयात स्वेच्छेने बाप्तिस्मा घेते, तेव्हा मंडळीचे नियम आजन्म पाळण्याचे वचन देते. बहिष्कार लागू होतो तो हे वचन मोडणाऱ्याला. ज्याने ते दिलेच नाही, तो निघून गेला तर आईवडील दुःखी होतात, पण त्याला पंगतीतून उठवले जात नाही. म्हणूनच चित्रपटाचा शेवट ताटातुटीत होतो. प्रेमकथेच्या प्रकाशकाला ताटातूट चालत नाही. मग नायिकेचा बाप्तिस्मा लांबणीवर पडलेला असतो, किंवा नायकाचे आजोबा आमिश निघतात, किंवा नायकच सारे सोडून मंडळीत दाखल होतो. ही शेवटची सोडवणूक सर्वांत लाडकी आणि वास्तवाला सर्वांत सोडून आहे. बाहेरून येऊन कायमचे आमिश झालेले लोक अगदी थोडे असतात. त्यांना आधी पेनसिल्व्हेनिया डच ही जर्मन वळणाची बोली शिकावी लागते आणि बिशपसमोर दीर्घकाळ आपला निश्चय सिद्ध करावा लागतो. उलट समाजात जन्मलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के पुढे बाप्तिस्मा घेतात, त्यामुळे दोन जगांच्या उंबरठ्यावर अडखळलेली नायिका हेही नेहमीचे चित्र नव्हे.

बाप्तिस्म्याची हीच फट पुढे कॅमेऱ्याने हेरली. वचन न दिलेल्या तरुणांवर मंडळीचा अधिकार चालत नाही, म्हणून 2002 मध्ये इंडियानातील आमिश तरुणांवर माहितीपट निघू शकला आणि 2004 मध्ये काही तरुण-तरुणींना लॉस एंजेलिसच्या बंगल्यात ठेवून दूरचित्रवाणीचा खेळही रचला गेला. अमेरिकी काँग्रेसमधील काही सदस्यांनी त्यावर आक्षेप घेतला, तरी मालिका दाखवली गेलीच. 1980 च्या दशकातील समझोता किती तोकडा होता, हे त्यातून दिसून आले.

कादंबऱ्यांची लाट याच सुमारास उठत होती. 1997 मध्ये मिनेसोटातील एका इव्हँजेलिकल (वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या) प्रकाशनसंस्थेने काढलेली, बहिष्काराभोवती गुंफलेली कादंबरी दहा लाखांहून अधिक प्रतींनी खपली आणि इतर ख्रिस्ती प्रकाशकांना वाट सापडली. 2 ऑक्टोबर 2006 रोजी लँकेस्टर काउंटीतील निकेल माइन्स येथील आमिश शाळेत बंदूकधाऱ्याने पाच मुलींना ठार केले. त्याच्या कुटुंबाला समाजाने ज्या रीतीने क्षमा केली, त्याने जग थक्क झाले आणि उत्सुकता आणखी वाढली. 2012 पर्यंत सरासरी दर चार दिवसांना एक नवी आमिश प्रेमकथा बाजारात येत होती. लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या प्रामुख्याने इव्हँजेलिकल स्त्रिया होत्या, हे विसरून चालणार नाही. त्यांना शरीरसंबंधांचे वर्णन नसलेली, श्रद्धेला धरून चालणारी प्रेमकथा हवी होती. मात्र त्यांची श्रद्धा व्यक्तीच्या अंतःकरणात घडते, तर आमिश श्रद्धा आज्ञापालनात. नायिका ‘देवाचा आवाज ऐकून’ निर्णय घेते तेव्हा ती आमिश टोपी घातलेली इव्हँजेलिकल तरुणी असते.

टोपीचेही तसेच. मुखपृष्ठावर बहुधा खाली नजर लावलेली तरुणी असते, पांढऱ्या टोपीचे बंद मोकळे सुटलेले असतात, ओठांवर पुसटसा रंग असतो. लँकेस्टरच्या स्त्रियांची टोपी मागून हृदयाच्या आकाराची असते आणि इंडियानाकडची चुण्या घातलेली, पण मुखपृष्ठावर हा भेद पुष्कळदा पाळला जात नाही. छायाचित्राला उभे न राहणाऱ्या समाजाची कथा छायाचित्रासाठी उभ्या राहिलेल्या मॉडेलच्या चेहऱ्यावर विकली जाते, याकडे तक्रार करणारे वाचकही क्वचितच लक्ष देतात.

पीक उदंड झाल्यावर प्रकाशकांना नवे मसाले लागले, तेव्हा आमिश गुप्तहेरकथा निघाल्या, आमिश भयकथाही निघाल्या, आणि सिताऱ्यांचे कथानकही अधिक उपयोगी पडू लागले. पण या कथानकाला ज्या ताणाची गरज आहे तो त्या समाजाच्या रीतीतच तयार होता. लँकेस्टर काउंटीत प्रेम जमले तरी त्याची वाच्यता करत नाहीत. मागणी ठरल्याची बातमी शरद ऋतूतील प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षरसाच्या) विधीनंतर मंडळीत जाहीर होते आणि लग्ने मुख्यत्वे नोव्हेंबरमध्ये मंगळवारी वा गुरुवारी लागतात. तोवर शेजाऱ्यांना सुगावा लागतो तो मुलीच्या घरच्या बागेत यंदा सेलरीची भाजी जास्त का लावली आहे यावरून, कारण लग्नाच्या जेवणात ती भरपूर लागते. ज्याचे प्रत्येक प्रेमप्रकरण छापून येते असा पुरुष आणि जिचा साखरपुडा सख्ख्या मैत्रिणीलाही ठाऊक नसतो अशी स्त्री, या दोघांतला विरोध कादंबरीकार सहसा एका प्रकरणात उरकतात, आणि उरलेली पाने नायकाला गाईचे दूध काढायला शिकवण्यात जातात.

समाजातील स्त्रिया यांतील काही पुस्तके वाचतात. काहींना ती करमणूक वाटते, काहींना त्यातल्या चुकांचे हसू येते आणि काही घरांत ती ठेवू देत नाहीत. आमिश स्त्रियांनी स्वतः लिहिलेल्या मोजक्या कादंबऱ्याही आता मिळतात.