पायगुण मोजायचा कसा? बास्केटबॉलमधल्या एका आकड्याचं गणित

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्याची बातमी पेपरात येते तेव्हा तिची शेवटची ओळ ठरलेली असते: विजयी संघाकडून अमुक याने सर्वाधिक २८ गुण केले. चार ओळींच्या जागेत याहून जास्त बसतही नाही. पण ती ओळ वाचून २८ गुणवाल्यानंच सामना जिंकून दिला असं सगळे धरून चालतात, आणि संघनिवडीतही तेच बोललं जातं.

समजा, हे २८ गुण असे आले. पोरानं २७ वेळा बास्केटकडे चेंडू मारला, ११ गेले, त्यातले दोन शॉट तीन-तीन गुणांचे, बाकीचे दोन-दोनचे. फाउलबद्दल मिळणारे एका गुणाचे फ्री थ्रो आठ मिळाले, चार घातले. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू, आक्रमणात एक, बचावात दोन. एक असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट झालं), एक स्टील (समोरच्यांकडून हिसकावलेला चेंडू), तीन फाउल आणि सहा टर्नओव्हर, म्हणजे चेंडू सहा वेळा समोरच्यांच्या हातात दिला. त्याच संघाच्या सेंटरचे, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचे, गुण १२. त्याचे सातपैकी पाच शॉट गेले, दोन्ही फ्री थ्रो गेले. आक्रमणात चार आणि बचावात सात रिबाउंड, तीन असिस्ट, दोन स्टील, दोन ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट), दोन फाउल, एक टर्नओव्हर.

हे सगळं एका आकड्यात आणायची सोपी रीत जॉन हॉलिंजर या अमेरिकी विश्लेषकाची आहे, नाव ‘गेम स्कोअर’. गुण घ्या. गेलेल्या प्रत्येक शॉटचे ०.४ मिळवा आणि मारलेल्या प्रत्येक शॉटचे ०.७ वजा करा. चुकलेल्या फ्री थ्रोमागे ०.४ वजा. आक्रमणातल्या रिबाउंडला ०.७, बचावातल्याला ०.३; स्टीलला १, असिस्ट आणि ब्लॉकला प्रत्येकी ०.७, फाउलमागे ०.४ वजा, टर्नओव्हरमागे १ वजा. कागद-पेन्सिल घेऊन केलंत तर २८ गुणवाल्याचा गेम स्कोअर ७.७ येतो आणि १२ गुणवाल्याचा १७.७. या मापावर दहाच्या आसपास साधारण खेळ आणि चाळीस म्हणजे अफाट.

वजनं हवेतून आलेली नाहीत. चुकलेल्या दहा शॉटांपैकी ढोबळमानानं सात चेंडू बचाव करणाऱ्यांकडे जातात. म्हणून तिथला रिबाउंड स्वस्त आणि आक्रमणातला महाग. हॉलिंजरचाच ‘पीईआर’ (प्लेअर एफिशिअन्सी रेटिंग) हा याचा थोरला भाऊ. त्याची सरासरी दर हंगामात बरोबर १५ वर आणून ठेवतात. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या निकोला योकिचनं २०२१-२२ च्या हंगामात ३२.८५ पीईआर नोंदवला होता.

या घराण्यातल्या सगळ्या आकड्यांची खोट एकच: टेबलावर बसलेला माणूस जे लिहितो तेवढंच त्यांना दिसतं. एनबीएत स्टील आणि ब्लॉक १९७३-७४ पासून मोजू लागले, वैयक्तिक टर्नओव्हर १९७७-७८ पासून. त्याआधी ते घडत नव्हते थोडेच! आजही सेंटर प्रतिस्पर्ध्याला पाठीवर रोखून धरतो, म्हणजे बॉक्स आउट करतो, आणि चेंडू आरामात गार्डच्या, म्हणजे बाहेरून खेळ चालवणाऱ्याच्या, हातात पडतो. रिबाउंड गार्डच्या नावावर. स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहून, शूटरला मोकळं करणाऱ्याच्या नावावर काहीच नाही. ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिए याचं ठळक उदाहरण. त्याचे सामन्याच्या तक्त्यातले (बॉक्स स्कोअरमधले) आकडे अगदी साधे, पण तो आत असला की संघ जास्त चांगला खेळायचा.

मग ‘आत असला की’ हेच मोजलं तर? त्याला प्लस-मायनस म्हणतात. ही कल्पना आइस हॉकीतली. एनबीएनं ती आपल्या अधिकृत तक्त्यात २००७-०८ पासून घेतली. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघानं केलेले गुण वजा समोरच्यांनी केलेले गुण. कोण काय करतंय याच्याशी देणंघेणं नाही, फक्त गुणफलक.

हे आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टवरही करता येतं, पण नेहमीच्या स्कोअरशीटवरून नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, स्कोअरशीटवर खेळाडू पहिल्यांदा उतरला की त्याच्या नावापुढे फुली मारतात आणि सुरुवातीच्या पाचांच्या फुलीला गोल करतात. त्यानंतर तो किती वेळा बाहेर बसला आणि परत आला, याची नोंद तिथं नसते. त्यासाठी दुसरी वही आणि दुसरा माणूस हवा. प्रत्येक सबस्टिट्यूशनला त्यानं घड्याळातली वेळ, दोन्हीकडचे मिळून दहा नंबर आणि गुणसंख्या लिहायची. मधल्या काळातली पझेशन्स, म्हणजे चेंडू एका संघाकडे असण्याच्या पाळ्या, रेघा मारून मोजायची. चेंडू समोरच्यांकडे गेला की एक पझेशन संपलं. आक्रमणातल्या रिबाउंडनं नवं सुरू होत नाही. चूक हमखास होते ती फ्री थ्रोच्या वेळी. फाउल झाला, लगेच बदली झाली आणि मग फ्री थ्रो गेले, तर ते गुण कुणाच्या खात्यात? फाउल झाला तेव्हा मैदानात असलेल्यांच्या, असा नियम आधीच ठरवून टाकावा. शेवटी एक ताळा बघायचा: संघातल्या सगळ्यांच्या प्लस-मायनसची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपट आली पाहिजे. सामना १२ गुणांनी जिंकला तर बेरीज ६०. नाही आली, तर वहीत कुठंतरी घोळ आहे.

नुसत्या प्लस-मायनसवर विसंबणं मात्र धोक्याचं. सून घरात आली, त्याच महिन्यात सासऱ्यांना बढती मिळाली, म्हणून तिचा पायगुण चांगला. आणि यंत्रमाग बंद पडला की तोच पायगुण वाईट. आसपास दुसरं काय काय चाललं होतं हे न बघता, दारातून आत आलेल्या माणसाच्या माथी सगळं मारायचं. कच्चं प्लस-मायनस नेमकं हेच करतं. चार दांडग्या खेळाडूंबरोबर उतरणाऱ्या पाचव्याचा आकडा झकास दिसतो. समोरच्यांचे मुख्य खेळाडू विश्रांतीला बसले असताना उतरणाऱ्याचाही. एरवी पायगुण वगैरे मानत नाही म्हणणारे कोचसुद्धा ‘हा आत गेला की आपण जिंकतो’ हे वाक्य बिनदिक्कत टाकतात.

यावरचा उपाय दहावीच्या बीजगणितात आहे. सामन्याचे सबस्टिट्यूशन ते सबस्टिट्यूशन असे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याचं एक समीकरण: आपल्या पाचांच्या किमतींची बेरीज वजा समोरच्या पाचांची बेरीज म्हणजे त्या तुकड्यातला, शंभर पझेशन्समागचा गुणफरक. अज्ञात संख्या म्हणजे खेळाडूंच्या किमती, एकेकाचा त्या गुणफरकातला वाटा. एनबीएच्या हंगामात १२३० सामने, सुमारे पाचशे खेळाडू आणि हजारो तुकडे. समीकरणं अज्ञातांपेक्षा कितीतरी जास्त आणि एकमेकांशी न जुळणारी. म्हणून सगळ्यांत मिळून चुकांच्या वर्गांची बेरीज किमान होईल असं उत्तर शोधतात. लांब तुकड्यांना जास्त वजन देतात. वेन विन्स्टन आणि जेफ सॅगरिन यांनी डॅलस मॅव्हेरिक्ससाठी या धर्तीवर काम केलं. डॅन रोझेनबॉम यांनी २००४ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. हे ‘समायोजित’ प्लस-मायनस.

कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात उत्तरं वेड्यासारखी येतात, आणि का येतात ते बघण्यातच खरी मजा आहे.

खानावळीत प्रत्येक बिलात कडक भाकरी आणि शेंगाचटणी एकत्रच लावलेली असेल, तर बिलांची थप्पी चाळूनही चटणीची वेगळी किंमत कळणार नाही. एकाच बिलात नुसती भाकरी आहे आणि नेमक्या त्यावर आमटी सांडून आकडा पुसट झालाय. तो आकडा तुम्ही जसा वाचाल तशी चटणीची किंमत ठरेल. कोचही असंच करतात: गार्ड आणि सेंटरची जमलेली जोडी शक्यतो एकत्रच खेळवतात.

आता हे आकड्यांत पाहू. बाकी सगळे सरासरी, म्हणजे शून्य किमतीचे आहेत असं समजा. चार नंबरची किंमत क्ष, सात नंबरची य. दोघं एकत्र ४०० पझेशन्स खेळले आणि संघ शंभरामागे १० गुणांनी पुढे राहिला: क्ष + य = १०. सात नंबर बाहेर असताना चार नंबर फक्त २० पझेशन्स खेळला आणि त्यात संघ ४ गुणांनी मागे पडला. शंभराच्या हिशेबात क्ष = −२०. म्हणून य = ३०. म्हणजे चार नंबर कोर्टवर पाय ठेवायच्या लायकीचा नाही आणि सात नंबरसारखा खेळाडू जगात झाला नाही! त्याच २० पझेशन्समध्ये रिंगवर आपटून बाहेर आलेले दोन तीन-गुणी शॉट आत पडले असते, तर −४ चे +२ झाले असते. मग क्ष = १० आणि य = ०. दोन चेंडूंनी दोघांचं नशीब उलटंपालटं.

याचं औषध संख्याशास्त्रात जुनं आहे. होर्ल आणि केनर्ड यांनी १९७० मध्ये ते ‘रिज रिग्रेशन’ या नावानं मांडलं आणि जोसेफ सिल यांनी २०१० मध्ये ते बास्केटबॉलला लावून दाखवलं. युक्ती अशी की प्रत्येक खेळाडूच्या खात्यात आधीच काही काल्पनिक पझेशन्स टाकायची, त्यात तो एकटाच जबाबदार होता आणि गुणफरक शून्य होता असं मानून. समजा ती २०० टाकली. आता ही राशी किमान करायची:

४००(क्ष + य − १०)² + २०(क्ष + २०)² + २००(क्ष² + य²)

क्ष आणि य यांच्या सापेक्ष विकलन करून, भाग देऊन सुटसुटीत केलं की दोन समीकरणं उरतात: ३१क्ष + २०य = १८० आणि २क्ष + ३य = २०. क्रेमरच्या पद्धतीनं निश्चयक ५३ येतो, क्ष = २.६ आणि य = ४.९. ते दोन शॉट पडले असते तर? पहिल्या समीकरणाची उजवी बाजू २१० होते आणि उत्तरं ४.३ व ३.८. तीस गुणांची उडी पावणेदोन गुणांवर आली.

फुकट काही मिळत नाही. दोघांची बेरीज खरं तर १० यायला हवी होती, ती साडेसातच आली. हे गणित सगळ्यांनाच शून्याकडे ओढतं, चांगल्यालाही आणि वाईटालाही. थोडी ठरवून केलेली चूक पत्करायची आणि त्या बदल्यात थयथयाट थांबवायचा, असा हा सौदा आहे. २०० च का? तो आकडा मनानं ठरवत नाहीत. काही सामने झाकून ठेवतात, उरलेल्यांवरून किमती काढतात, झाकलेल्या सामन्यांचा अंदाज बांधतात; ज्या आकड्याला अंदाज सगळ्यात कमी चुकतो तो घेतात. याच ओढीनं आणखी एक अडचण सुटते. दोन्ही बाजूंच्या सगळ्या खेळाडूंच्या किमतीत एकेक मिळवला तर पाच वजा पाच होऊन समीकरणात काहीच बदलत नाही, म्हणजे साध्या पद्धतीत एकमेव उत्तरच नसतं. मॅट्रिक्सच्या भाषेत, ज्याचा व्यस्त निघत नव्हता त्या मॅट्रिक्सच्या कर्णावर २००-२०० मिळवले की व्यस्त निघतो. हे वाक्य डोक्यावरून गेलं तरी पुढचं काही अडत नाही.

यानंतर निघालेल्या आकड्यांनी ओढ कुठं न्यायची एवढंच बदललं. सगळ्यांना शून्याकडे नेण्याऐवजी ज्याच्या-त्याच्या तक्त्यातल्या आकड्यांवरून केलेल्या अंदाजाकडे नेतात. डॅनियल मायर्स यांचा ‘बॉक्स प्लस-मायनस’ वेगळ्या वाटेनं जातो: अनेक वर्षांच्या समायोजित प्लस-मायनसशी तक्त्यातल्या नोंदी ताडून त्यानं प्रत्येक नोंदीचं वजन ठरवलंय. जाहिरातीत ‘एआय रेटिंग’ म्हणून चमकणाऱ्या आकड्यांपैकी बऱ्याचशांच्या पोटात यातलंच काहीतरी असतं. कशाकडे आणि किती ओढलंय हे जो सांगत नाही, त्याच्या आकड्यावर पैसे लावू नयेत.

आता आपल्याकडे, सोलापुरात, हे किती चालेल? एका पझेशनमध्ये बहुधा शून्य, दोन किंवा तीन गुण होतात. व्यावसायिक खेळात त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचं वर-खाली, सुमारे १.१५ धरतात. चाळीस मिनिटांच्या सामन्यात संघाला अंदाजे ७५ पझेशन्स मिळतात. पाच सामन्यांच्या स्पर्धेत दर सामन्याला तीस मिनिटं खेळणारा खेळाडू साधारण २८० पझेशन्स मैदानात असतो. दोन्ही संघांची मिळून ५६०; त्याचं वर्गमूळ गुणिले १.१५ म्हणजे २७ गुण, शंभरामागे जवळजवळ १०. म्हणजे एका स्पर्धेवरून काढलेलं ‘+८’ हे निव्वळ नशिबाचंही असू शकतं. एनबीएत अख्खा हंगाम, चारेक हजार पझेशन्स खेळणाऱ्याच्या आकड्यातही सुमारे अडीच गुणांचं वर-खाली उरतंच, तेही जोडीचा गोंधळ न धरता. त्यामुळे स्पर्धेपुरता गेम स्कोअर लिहावा, सोबत कच्चं प्लस-मायनस ठेवावं, आणि रिज वगैरेच्या नादी लागू नये.

सरावात मात्र जागा आहे. दहा खेळाडूंचे पाच-पाचचे संघ १२६ प्रकारे पडतात. रोज चिठ्ठ्या टाकून चार-चार मिनिटांचे डाव खेळवले, तर कोणतीही दोन पोरं नऊपैकी पाच वेळा समोरासमोर येतात आणि भाकरी-चटणी आपोआप सुटी होते. संध्याकाळी असे बारा डाव म्हणजे नव्वदेक पझेशन्स. वीस संध्याकाळींत १८०० होतात आणि प्रत्येकाच्या आकड्यातली अनिश्चितता शंभरामागे साधारण साडेतीन गुणांवर येते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोचनं चिठ्ठीत ढवळाढवळ करायची नाही. ‘हे दोघं एकत्र राहू देत’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर शेवटच्या डावांत कुणी बचाव करत नाही, ते डाव वहीत घेऊ नयेत.

ज्याच्या वाट्याला सहाच डाव आले त्याची किंमत ०.३ निघाली, तर तो सरासरी खेळाडू आहे असा अर्थ होत नाही. त्याच्या खात्यात अजून काल्पनिक पझेशन्सच जास्त आहेत, एवढंच त्यातून कळतं.