तळटीपेत मेलेलं कलम

कोर्टाच्या आवाराबाहेर कायद्यांच्या पातळ पुस्तिका विकायला असतात. वकील मंडळी त्यांना ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याची पुस्तिका उघडली की कलम ६६ नंतर ६६-अ येतं : संगणकावरून किंवा फोनवरून ‘घोर आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं कलम. त्याचा सगळा मजकूर, पोटकलमं आणि तीन वर्षांच्या कैदेचा उल्लेख नेहमीच्याच टाइपात छापलेला असतो. सुरुवातीला मुंगीएवढी एक खूण, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ : हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या निकालाने रद्द केलं आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात याच ओळीकडे लक्ष वेधलं. पोलीस कलम पाहतात, तळटीप पाहत नाहीत, अशा अर्थाचा त्यांचा खुलासा होता. निकाल लागून सहा वर्षं उलटली होती आणि देशभर ६६-अ खाली गुन्हे दाखल होतच होते. हे असं का झालं, हे समजायचं तर या कलमातली शब्दरचना कुठून आली, हे आधी पाहावं लागतं. तिचा जन्म इंटरनेटच्या काळातला नाही.

१९३५ साली ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसच्या कायद्यात दुरुस्ती झाली. टेलिफोन तेव्हा तिथल्या पोस्ट खात्याच्या ताब्यात होता आणि फोन लावायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी एक्सचेंजमधल्या ऑपरेटरशी बोलावं लागे. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहिलेल्या आपल्याकडच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. या ऑपरेटर मुलींना घाणेरडं बोलणारे, पुन्हा पुन्हा फोन करून छळणारे लोक होते. त्यांना आवर घालण्यासाठी कलम १० मध्ये तरतूद आली : टेलिफोनवरून ‘घोर आक्षेपार्ह’, अश्लील किंवा धमकावणारा निरोप देणं हा गुन्हा. त्याच्या जोडीला त्रास आणि गैरसोय व्हावी म्हणून वारंवार फोन करणं हाही गुन्हा. तारेच्या एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि ऐकणाऱ्याला फोन ठेवून उठून जाता येत नाही, कारण ते ऐकणं हीच तिची नोकरी. या प्रसंगासाठी ही भाषा अगदी चपखल होती.

पण कायद्यातले शब्द एकदा लिहिले गेले की पुढचा मसुदा करणारा ते उचलतो. १९५३ चा पोस्ट ऑफिस कायदा, १९६९ चा, मग १९८४ चा दूरसंचार कायदा, आणि शेवटी २००३ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टचं कलम १२७. यंत्रं बदलत गेली तरी ‘घोर आक्षेपार्ह’ हे शब्द तसेच राहिले. तिथून ते भारतात आले.

भारताचा मूळ माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. तो १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, आणि त्याचा मुख्य रोख व्यापारावर होता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी नमुना कायदा तयार केला होता, त्याला धरून आपला कायदा बेतला गेला. डिजिटल सही, इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांना मान्यता, संगणकात घुसखोरी, अश्लील मजकूर असे त्याचे विषय. ६६-अ त्यात नव्हतं.

डिसेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या मुंबईच्या लिलाव संकेतस्थळाचे प्रमुख अवनीश बजाज यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. संकेतस्थळावर कुणा तिसऱ्याच माणसाने एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली होती. वापरणाऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळ चालवणाऱ्याला तुरुंगात टाकायचं का, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. तज्ज्ञांची समिती बसली आणि २००६ च्या डिसेंबरात दुरुस्ती विधेयक आलं. ते संसदेत रेंगाळलं. मग २६ नोव्हेंबर २००८ उजाडला. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिनाभराच्या आत, २२ आणि २३ डिसेंबरला, दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. लोकसभेत त्यावर चर्चा झाली नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या दोन दिवसांत आहे. एकेका शब्दावर कुणीतरी उठून ‘याचा अर्थ काय?’ असं विचारायला हवं होतं.

२७ ऑक्टोबर २००९ पासून ६६-अ लागू झालं. त्याचे तीन भाग होते. पहिला भाग : संगणक किंवा फोनवरून घोर आक्षेपार्ह किंवा धमकावणारा मजकूर पाठवणं. दुसरा : खोटी असल्याचं माहीत असूनही त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, वैर, द्वेष किंवा आकस पसरवण्यासाठी सतत माहिती पाठवणं. तिसरा : त्रास देणारे किंवा कुणी पाठवले हे दडवणारे ईमेल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ज्या ब्रिटिश कलमावरून हे घेतलं, तिथे कमाल शिक्षा सहा महिन्यांची होती.

याच दुरुस्तीतली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. २००० च्या कायद्यात तपास करायला किमान डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागत असे. २००८ मध्ये ती अट इन्स्पेक्टरपर्यंत खाली आली. गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येणार. म्हणजे ‘गैरसोय’ आणि ‘आकस’ हे शब्द तालुक्याच्या ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आले. समोर संतापलेला जमाव उभा असताना त्या शब्दांचा अर्थ त्याने लावायचा होता.

२०१२ मध्ये याची प्रचीती एकामागून एक येत गेली. एप्रिलमध्ये कोलकात्यात जाधवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. मे महिन्यात मुंबईत एका विमान कंपनीचे दोन कर्मचारी फेसबुकवरच्या मजकुरासाठी १२ दिवस कोठडीत होते. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर मुंबईत राजद्रोहाचं कलम लागलं आणि त्यासोबत ६६-अ. ऑक्टोबरमध्ये पुद्दुचेरीत एका छोट्या उद्योजकाला एका ट्वीटसाठी पहाटे घरातून नेलं.

आणि मग पालघर.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई व आसपासचा परिसर बंद होता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. तिथल्या एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की रोज हजारो माणसं मरतात तरी जग चालूच राहतं, आणि आजचा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. थोड्याच वेळात जमाव जमला. मुलीच्या काकांच्या रुग्णालयाची तोडफोड झाली. दोघींना अटक झाली, लाइक करणारीलाही. आधी धार्मिक भावना दुखावल्याचं भारतीय दंड संहितेचं कलम २९५-अ लावलं, मग ते काढून समाजगटांत वैर पसरवल्याचं ५०५ (२) आणि सोबत ६६-अ. प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या.

त्या पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती. ज्यांना ती झोंबली त्यांच्या दुःखाची मला कल्पना आहे. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत त्या दिवशी खरोखर चूल पेटली नव्हती. पण दुःखात असलेल्या माणसाला एखादं वाक्य लागणं वेगळं आणि त्या वाक्यासाठी पोलिसांनी मुलीला ठाण्यात बसवणं वेगळं. रुग्णालय ज्यांनी फोडलं, त्यांच्या कृत्याचं नाव कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मुलींच्या कृत्याला नाव देण्यासाठी ६६-अ लागलं. तेव्हाचे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून जाब विचारला. पुढे पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं आणि गुन्हाही मागे पडला.

नोव्हेंबर संपायच्या आत कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेली श्रेया सिंघल ही दिल्लीची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना सूचना पाठवली की या कलमाखाली अटक करायची तर वरिष्ठांची परवानगी घ्या : जिल्ह्यात उपायुक्त किंवा पोलीस अधीक्षक, महानगरात महानिरीक्षक. याचा अर्थ शब्द तसेच ठेवून फक्त ते वापरणाऱ्याचा हुद्दा वाढवला. मे महिन्यात न्यायालयाने ही सूचना पाळायला सांगितलं.

२४ मार्च २०१५ चा निकाल न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाचा, लिहिला नरिमन यांनी. ६६-अ ची वंशावळ त्यांनी थेट १९३५ च्या टेलिफोनच्या तरतुदीपर्यंत नेली. राज्यघटनेच्या कलम १९ (२) मध्ये भाषणावर बंधन घालण्याची कारणं मोजून दिली आहेत : देशाची अखंडता, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान आणि आणखी एकदोन. त्रास आणि गैरसोय त्यात नाहीत. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या निकालाने वेगळ्या केल्या. एखादं मत कितीही अप्रिय असलं तरी पहिल्या दोन पायऱ्यांवर त्याला संरक्षण आहे. सरकार हात घालू शकतं ते तिसरीवर.

मला त्या निकालातला सगळ्यात पटणारा भाग मात्र वेगळा आहे. ब्रिटनमध्ये कॉलिन्स नावाच्या माणसावर खटला झाला होता. तो खासदाराच्या कार्यालयात फोन करून वंशद्वेषी शब्द वापरत असे. खालच्या न्यायालयाने म्हटलं, हे आक्षेपार्ह आहे, पण घोर आक्षेपार्ह नाही. वरच्या न्यायालयाने तेच कायम केलं. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हे घोर आक्षेपार्हच आहे. मजकूर एकच, वाचणारे सगळे न्यायाधीश, आणि उत्तरं उलटसुलट. नरिमन यांचा मुद्दा असा की कसलेल्या न्यायाधीशांचं यावर एकमत होत नसेल, तर लिहिणाऱ्याने लिहिण्यापूर्वी आणि पोलिसाने पकडण्यापूर्वी रेषा कुठे आहे हे कसं ओळखायचं? सरकारतर्फे तुषार मेहता यांनी आश्वासन दिलं की कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही. त्यावर निकालात म्हटलंय की सरकारं येतील आणि जातील, कलम मात्र कायम राहील. आजचं सरकार उद्याच्या सरकारच्या वतीने शब्द देऊ शकत नाही. कलम संपूर्ण रद्द झालं.

मजकूर ब्लॉक करण्याचं कलम ६९-अ मात्र त्याच निकालात टिकलं, कारण त्यात लेखी कारणं आणि ठरलेली कार्यपद्धती आहे. त्या कार्यपद्धतीतल्या गोपनीयतेवर आज वाद चालू आहेत, तो स्वतंत्र विषय आहे. संदिग्ध शब्दांची कसोटी मात्र पुढे मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा लागली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२३ च्या नियमांनी केंद्राच्या कारभाराविषयी ‘खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा’ मजकूर कोणता, हे ठरवायचा अधिकार सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षाला दिला होता. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मताने तो नियम घटनाबाह्य ठरला. या शब्दांना नेमकी व्याख्या नाही, हे त्यामागचं एक कारण होतं.

इकडे ६६-अ रद्द होऊनही चालूच होतं. पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा निकालाच्या प्रती सगळ्या उच्च न्यायालयांना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवण्याचा आदेश झाला. २०२१ मध्ये संघटना पुन्हा गेली. तिने दिलेल्या आकडेवारीनुसार निकालापूर्वी ११ राज्यांत २२९ खटले प्रलंबित होते आणि निकालानंतर तिथेच १,३०७ नवे दाखल झाले. सर्वाधिक ३८१ महाराष्ट्रात. पालघर ज्या राज्यात घडलं, त्याच राज्यात. हा आकडा वाचून मला लाज वाटली आणि अजून वाटते. प्रत्येक आकड्यामागे समन्स घेऊन तारखेला जाणारा, वकिलाची फी भरणारा एक माणूस आहे आणि त्याचा गुन्हा कायद्यात अस्तित्वातच नाही.

२०२१ च्या त्या सुनावणीला खंडपीठावर खुद्द नरिमन होते. जे चाललंय ते भयंकर आहे, असं ते म्हणाले. तळटीपेचा खुलासा तेव्हाचाच.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने प्रकरण निकाली काढलं. ६६-अ खाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. चालू असलेल्या खटल्यांतून या कलमाचा उल्लेख काढून टाकावा. पोलीस महासंचालकांनी आणि गृह सचिवांनी सगळ्या ठाण्यांना तसं बजावावं. आणि शेवटी त्या बेअर अ‍ॅक्टसाठी एक निर्देश : सरकारी, निमसरकारी किंवा खासगी, कुठल्याही प्रकाशनात या कलमाचा मजकूर छापला, तर ते घटनाबाह्य ठरलेलं आहे, हे वाचणाऱ्याला पुरेसं कळेल अशा रीतीने सांगितलं पाहिजे.