घोडा थांबल्यावर काय बघायचं?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहाटे सराव बघणाऱ्यांचे डोळे वेगावर असतात. घोड्याच्या तब्येतीची बातमी मात्र तो थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत जास्त कळते.

शांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण 30 ते 40 वेळा धडधडतं, आणि चौखूर धावताना 200 च्या पुढे जातं. हे ठोके मोजायला मनगटी घड्याळातला हिरवा प्रकाश घोड्यावर फारसा चालत नाही, दाट केस आड येतात. म्हणून तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, इलेक्ट्रोड बसवून हृदयाचे विद्युत संकेतच टिपतात. त्याआधी तिथले केस ओले करायचे. पुढे घामच ते काम करतो.

दौड संपली की ठोके झरझर उतरायला हवेत. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींत ठरलेल्या वेळात ते साधारण 64 वर आले नाहीत, तर घोडा बाद होतो. रोजच्यापेक्षा उतरायला वेळ लागला, तर थकवा, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा दुखणं, यांपैकी काहीतरी असू शकतं. मुंबईच्या दमट हवेत आणखी एक पंचाईत असते. घोडा मुख्यतः घामानेच थंड होतो, आणि इथे घाम नुसताच ओघळतो, वाळत नाही. त्यामुळे एका आकड्यापेक्षा त्याच घोड्याची, तशाच हवेतली महिनाभराची नोंद मला मोलाची वाटते.

लंगडण्याचं निदान याहून नाजूक. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवण्यात पटाईत. दुडक्या चालीत पुढचा दुखरा पाय टेकताना तो डोकं किंचित उचलतो. फरक थोडा असला की अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. डोक्यावर आणि पाठीच्या मागच्या भागावर लावलेले गतिमापक सेन्सर दोन्ही बाजूंच्या हालचालीतला काही मिलिमीटरांचा फरक दाखवतात. तरी दुखतंय नेमकं कुठे, खुरात की गुडघ्यात, हे शोधायला डॉक्टरच लागतो.

तंग सैल पडला की ठोके मोजणारं यंत्र भलतेच ठोके दाखवतं. शंका आली तर मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, जबड्याच्या खालच्या कडेला धमनीवर बोट ठेवतो, 15 सेकंद मोजतो आणि चारने गुणतो.