उपरेपणाचा वाद आणि मध्य-उजवे पक्ष (बेळगाव सीमाभाग)

‘आपले कोण, बाहेरचे कोण’ हा प्रश्न निवडणुकीत ऐरणीवर आला की प्रस्थापित मध्य-उजव्या पक्षांची भाषा, उमेदवार आणि मित्र बदलू लागतात. युरोपात हे स्थलांतरितांवरून घडले. जर्मनीत २०१५ साली अँगेला मर्केल यांनी निर्वासितांसाठी दार उघडे ठेवले; जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या फ्रीडरिश मेर्त्स यांचा कडक स्थलांतर-धोरणाचा ठराव ‘एएफडी’ या कडव्या उजव्या पक्षाच्या मतांवर मंजूर झाला. स्वीडनमध्ये २०२२ साली मॉडरेट पक्षाचे सरकार स्वीडन डेमोक्रॅट्सच्या बाहेरच्या पाठिंब्यावर आले. दोन्हीकडे रीत तीच : कडव्या प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा उचलायचा आणि आपला म्हणून मांडायचा.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात उपरेपणाचा वाद जुना आहे, पण त्याची जातकुळी निराळी. इथला मराठी माणूस कुठून आलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. गावे जागच्या जागी राहिली, सरकार तेवढे बदलले. तरीही वाद पेटला की मराठी माणसाला महाराष्ट्राची वाट दाखवणारा आवाज निघतोच. १ नोव्हेंबरला बेळगाव शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात आणि दुसरीकडे मराठी भाषक काळा दिन पाळतात.

या प्रश्नावर उभी राहिलेली महाराष्ट्र एकीकरण समिती ही मुळात अनेक विचारांच्या लोकांची आघाडी. डावे-उजवे सगळे तिच्यात सामावत, कारण मागणी एकच होती : सीमाभाग महाराष्ट्रात यावा. सीमावादासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवायला सांगितले, महाराष्ट्राने ते नाकारले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तारखा पडत राहिल्या. समितीतली बंडाळीही वाढली : एका मतदारसंघात दोन-दोन ‘अधिकृत’ उमेदवार हे सीमाभागाला नवे नाही. २०१३ साली समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही निवडून आला नाही.

ही जागा भारतीय जनता पक्षाने घेतली, पण युरोपातल्यासारखी मुद्दा उचलून नव्हे. बंगळुरू आणि मुंबई दोन्हीकडे मते मागणाऱ्या पक्षाला सीमाप्रश्नावर एकच भूमिका घेणे परवडत नाही. त्याने भाषेवर धर्माचा थर चढवला. समितीच्या मिरवणुकीतले शिवाजी महाराज मराठीचे, भाजपच्या मंचावरचे हिंदुत्वाचे. भगवा मात्र दोन्हीकडे तोच. विधानसभेला समिती आणि लोकसभेला भाजप अशी मते देणारी घरे त्यामुळेच तयार झाली. सुरेश अंगडी हे लिंगायत नेते २००४ ते २०१९ सलग चार वेळा बेळगावातून खासदार झाले, ते मराठी मते बरोबर घेऊनच.

हा थर किती पातळ असू शकतो हे २०२१ मध्ये दिसले. अंगडी यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराने लाखाहून अधिक मते घेतली आणि भाजपची जागा जेमतेम पाच हजारांनी वाचली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली, तेव्हा ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या आणि समिती चार-दोन जागांवर आली.

भाजपलाही किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा विकास महामंडळ जाहीर केले, तर कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकात भाजपचे सरकार, महाराष्ट्रात भाजपचा वाटा असलेले. केंद्रीय गृहमंत्र्यांनी १४ तारखेला दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवले, तरी महिना संपायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांवर हक्क सांगितला होता.

काँग्रेसही या ओढाताणीपासून अलिप्त राहिली नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावरील शिवपुतळ्याचे अनावरण मार्च २०२३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, दोनदा झाले : आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, मग काही दिवसांतच काँग्रेसकडून. पुतळा एकच, श्रेयाचे दावेदार दोन आणि मतदार मराठी.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘उपरा’ हा शब्द भलत्याच माणसाला चिकटला. भाजपने हुबळीचे जगदीश शेट्टर यांना उभे केले आणि ‘बाहेरचा उमेदवार’ अशी ओरड झाली. कन्नड बोलणारा माजी मुख्यमंत्री बेळगावात उपरा ठरत होता. शेट्टर पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.