खासगी एफएम केंद्र, मुंबई

सरकारकडून ठरावीक मुदतीचा परवाना घेऊन, एका शहरासाठी, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालवले जाणारे संगीतप्रधान रेडिओ केंद्र. मुंबईत अशी केंद्रे २००२ मध्ये सुरू झाली. एफएम प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होते आणि या लहरी दृष्टिरेषेच्या फारशा पुढे जात नाहीत. मनोऱ्याची उंची आणि प्रक्षेपकाची शक्ती जिथवर पोचवील, तिथवर केंद्राची हद्द. केंद्र शहराचे असणार, हे असे तंत्रानेच ठरून गेले. त्यावर काय ऐकू येणार, हे मात्र परवाना शुल्क, गाण्यांचे स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि बातम्यांवरची बंदी या तिघांनी ठरवले. ‘सगळीकडे तीच ती गाणी’ ही श्रोत्यांची जुनी तक्रार आहे. ती रास्त आहे आणि तिचे मूळ याच तीन गोष्टींत सापडते.

मुंबईला खासगी रेडिओ नवा नव्हता. देशातले संघटित प्रक्षेपणच इथे एका खासगी कंपनीने सुरू केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. रेडिओसंच बाळगण्याच्या परवाना शुल्कातून मिळणाऱ्या वाट्यावर कंपनी तगली नाही आणि १९३० मध्ये ती बुडाली. प्रक्षेपण सरकारकडे गेले ते पुढे सहा दशकांहून अधिक काळ तिथेच राहिले. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते श्रीलंकेतून हिंदी चित्रपटगीते लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्यांच्यामागोमाग जाहिरातदारही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती हे त्यावरचे सरकारी उत्तर होते. तिच्यावर जाहिराती घ्यायला १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरुवात झाली, तीही मुंबई, पुणे आणि नागपूर या महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर. गाणी आणि जाहिराती यांची जोडी इथल्या कानांना खासगी केंद्रे येण्याच्या खूप आधीपासून सवयीची होती.

एफएमवर खासगी आवाज प्रथम आला तो भाड्याच्या जागेत. १९९३ पासून आकाशवाणीने मुंबई, दिल्ली आणि आणखी काही शहरांत आपल्या एफएम वाहिनीवरचा वेळ खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे ही त्यातली मुंबईकरांना आठवणारी नावे. प्रक्षेपक सरकारचा, कार्यक्रम आणि जाहिराती कंपनीच्या. ही व्यवस्था १९९८ मध्ये थांबली. निवेदकाने मित्रासारखे, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचे, ही रीत याच काळात रुळली. मधल्या काळात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या, सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात निकाल दिला की, ध्वनिलहरी वाहून नेणाऱ्या फ्रिक्वेन्सी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांवर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही. या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. खासगी केंद्रांची कायदेशीर वाट इथून मोकळी झाली.

सरकारने १९९९ मध्ये ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी देऊ केल्या आणि २००० मध्ये लिलाव केला. परवाना दहा वर्षांचा, शुल्क दरवर्षी भरायचे आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. मुंबईत बोली चढत चढत वर्षाला सुमारे पावणेदहा कोटी रुपयांवर गेली. याच दराने दहाव्या वर्षीचा हप्ता पहिल्याच्या साडेतीन पट होतो. केंद्राला ऐकणारे किती, जाहिराती किती, याचा या आकड्याशी काही संबंध नव्हता. खासगी एफएमच्या इतिहासातली ही सर्वांत महागात पडलेली चूक म्हणावी लागेल. अनेक बोलीदारांनी माघार घेतली आणि पहिल्या टप्प्यात देशभर जेमतेम २१ केंद्रे १२ शहरांत उभी राहिली. पहिले केंद्र बंगळूरूचे, रेडिओ सिटी, ३ जुलै २००१ रोजी सुरू झाले. मुंबईत २००२ मध्ये रेडिओ मिर्ची ९८.३, रेडिओ सिटी ९१, रेड एफएम ९३.५, गो ९२.५ आणि विन ९४.६ अशी पाच केंद्रे लागली.

पाचांपैकी गो ९२.५ ने वेगळी वाट धरली होती. मिड-डे समूहाचे हे केंद्र इंग्रजीकडे झुकलेले, शहरी गप्पांचे. पण हप्ता सगळ्यांना सारखाच होता आणि मोठा जाहिरातदार हिंदी चित्रपटगीतांच्या श्रोत्याकडे जात होता. पुढे गोचे रेडिओ वन झाले आणि तेव्हा तेही नव्या हिंदी गाण्यांकडे वळले. विन तर बंद पडले. वेगळेपणाला श्रोता नव्हता असे यावरून म्हणता येत नाही. तो श्रोता पावणेदहा कोटी उभे करण्याइतका मोठा नव्हता, एवढेच सिद्ध होते.

२००३ मध्ये अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही रचना बदलण्याची शिफारस केली आणि २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ती बदलली. प्रवेशशुल्क एकदाच, आणि नंतर दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा, एक किमान रक्कम धरून. कमवाल तसे द्यायचे. रेडिओ जगला तो या एका ओळीने. मुंबईत बिग ९२.७, फीव्हर १०४ आणि म्याऊ १०४.८ यांची भर पडली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, जळगाव, अहमदनगर अशा शहरांतही केंद्रे निघाली. कोल्हापुरात पुढारी समूहाचे टोमॅटो एफएम आले. एकाच शहरातल्या दोन केंद्रांत साधारण ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवले जाते. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ ही मुंबईकरांना पाठ असलेली रांग त्याच मापाने लागलेली आहे. म्याऊ हे बायकांसाठी, गाण्यांपेक्षा गप्पांवर भर देणारे केंद्र होते. तो प्रयोगही टिकला नाही. या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात एकच केंद्र मिळत असे. आपला एकुलता एक आवाज मोठ्यात मोठ्या गर्दीसमोर नेणे प्रत्येकाला भाग होते.

असे केंद्र आतून कसे चालते? प्रत्येक तासाचे एक ‘क्लॉक’ आखलेले असते : किती गाणी, कुठे जाहिरातींचा ब्रेक, कुठे जिंगल, कुठे प्रोमो, कुठे आरजेची, म्हणजे निवेदकाची ‘लिंक’ (गाण्यांमधले बोलणे). गाणी आरजे निवडत नाही. संगीत विभागाची यादी संगणकात भरलेली असते आणि नवी गाजणारी गाणी दिवसातून अनेकदा फिरून यावीत अशी योजना असते. श्रोता सलग ऐकत नाही, गाडीत किंवा कामात मधेच येतो आणि मधेच जातो, हा त्यामागचा हिशेब. जाहिरात दहा सेकंदांच्या मापाने विकली जाते. तिचा दर श्रोतृसंख्येवर, आणि ती मोजायला २००७ मध्ये ‘रॅम’ नावाची पाहणी आली. निवडक घरांतल्या माणसांनी काय ऐकले ते डायरीत लिहायचे, अशी ती पद्धत मुंबईसह मोजक्या महानगरांत चालली. डायरी भरणाऱ्याला केंद्राचे नाव आठवायला हवे. म्हणूनच दर लिंकमध्ये नाव आणि आकडा पुन्हा पुन्हा येतो.

आरजेकडे उरते ती लिंक, आणि त्या थोड्या वेळात मुंबईच्या आरजेंनी जे केले त्याची नोंद आदराने घ्यायला हवी. बातम्या द्यायला परवानगी नाही, चालू घडामोडींवर चर्चाही नाही. मग शहराबद्दल बोलायचे कसे? विनोद, विडंबन, श्रोत्यांचे फोन, रस्त्यावरची तक्रार या वाटांनी ते बोलत राहिले. २०१७ च्या पावसाळ्यात रेड एफएमच्या आरजे मलिष्का यांनी खड्ड्यांवर केलेले विडंबनगीत इतके पसरले की, महापालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेकडून मानहानीच्या दाव्याची मागणी झाली. बातमी देऊ न शकणाऱ्या केंद्राने वर्तमानपत्रांना मथळा पुरवला.

बातम्यांवरची बंदी पुढे थोडी सैल झाली. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे, एक शब्दही न बदलता, लावण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीचे इशारे हे ‘बातमी नव्हे’ असे ठरवले. दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस खासगी वृत्तवाहिन्या चालत असताना रेडिओला मात्र ही मनाई, याला कोणतेही समाधानकारक कारण दिसत नाही. कॉमन कॉज या संस्थेने २०१३ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली.

गाण्यांच्या पैशांचा वाद त्याहून किचकट. ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपन्यांचे, शब्द आणि चालीचे हक्क गीतकार-संगीतकारांचे. सुरुवातीला ध्वनिमुद्रणासाठी ‘नीडल अवर’, म्हणजे प्रत्यक्ष गाणे वाजलेल्या तासामागे ठरावीक रक्कम मागितली जाई. छोट्या शहरातल्या केंद्राला ती पेलणे कठीण होते. गाण्यांचा परवाना नाकारणाऱ्या कंपनीकडून, ठरवून दिलेले पैसे भरून, सक्तीचा परवाना मिळवता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. कॉपीराइट मंडळाने २५ ऑगस्ट २०१० रोजी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला. केंद्रांना मोठा दिलासा मिळाला, संगीत कंपन्यांना तो अन्याय वाटला. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर झुंज दिली होती. ३१ डिसेंबर २०२० च्या आदेशाने दर पुन्हा नीडल अवरवर आले आणि त्यात लेखक-संगीतकारांचा वाटा वेगळा धरला गेला.

तिसऱ्या टप्प्यात परवाना पंधरा वर्षांचा झाला. एका कंपनीला एका शहरात एकाहून अधिक केंद्रे घेता येऊ लागली. २०१५ च्या ई-लिलावात मुंबईच्या नव्या फ्रिक्वेन्सीची किंमत शंभर कोटींच्या वर गेली, तरी या नियमाचा परिणाम लगेच कानावर आला. ९१.९ वर रेडिओ नशा आणि १०६.४ वर रेडट्रो ही जुन्या गाण्यांची केंद्रे निघाली. पहिल्या केंद्राने गर्दी सांभाळली की दुसऱ्याला आवड जपता येते. जुन्या गाण्यांचा श्रोता मुंबईत आधीही होताच, त्याच्यासाठी केंद्र काढणे आता परवडू लागले. मराठी गाण्यांच्या श्रोत्याला मात्र या विस्तारातून मुंबईत त्या मानाने फार थोडे मिळाले.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी एफएम नसलेल्या २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या ई-लिलावाला मंजुरी दिली. वार्षिक शुल्क जीएसटी वगळून उत्पन्नाच्या ४ टक्के. मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढावा, हा हेतू त्यात नमूद आहे. यादीत महाराष्ट्रातील लातूर, चंद्रपूर आणि मालेगाव ही शहरे आहेत.