छातीचा एक्स-रे आणि रुग्णाचा कामधंदा

नवी मुंबईत खारघर, उलवे, घणसोली या भागांत नव्या इमारती उभ्या राहतात, तेव्हा घरोघरी स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइटची किंवा कृत्रिम क्वार्ट्झची लादी कापली जाते. कोरड्या लादीवर ग्राइंडर चालवणाऱ्या कारागिराच्या भुवया आणि पापण्यादेखील भुकटीने पांढऱ्या होतात. पण खरा धोका त्या भुकटीतील डोळ्यांना न दिसणाऱ्या, सिलिका या खनिजाच्या कणांचा असतो. हे अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात, तेथील भक्षक पेशी ते गिळून स्वतःच मरतात आणि त्या दाहातून फुप्फुसात कठीण गाठी तयार होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण 20 ते 45 टक्के असते, तर कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ती 90 टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम लाद्यांवर बंदी घातली.

अशा कारागिराला खोकला आणि धाप लागू लागली, की छातीचा एक्स-रे काढला जातो. फिल्मवर हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते आणि सिलिकोसिसच्या गाठी मुख्यतः त्याच्या वरच्या भागात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उमटतात. अडचण अशी, की प्रौढांमधील क्षयरोगाच्या खुणाही बहुधा वरच्याच भागात आढळतात. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने डॉक्टरांच्या मनात आधी तोच येणे स्वाभाविक आहे, मात्र "काम काय करता, आणि किती वर्षे?" हे न विचारता निव्वळ फिल्मवरून औषधे सुरू करणे मला घातक वाटते.

लक्षणांमधून काही अंदाज बांधता येतो. संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, थुंकीतून पडणारे रक्त ही क्षयरोगाकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. निव्वळ सिलिकोसिसमध्ये ताप सहसा नसतो, जिना चढताना लागणारी धाप मात्र हळूहळू वाढत जाते. तरीही एक आजार सापडला म्हणून दुसरा नाही, असे समजता येत नाही, कारण सिलिकामुळे भक्षक पेशी दुबळ्या होतात आणि सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयरोग होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून बेडक्याची सीबीनॅट चाचणी करावीच लागते. क्षयाचे जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील प्रमुख औषधाला दाद देतील का, हे ती सुमारे दोन तासांत सांगते.

निदान काय लिहिले जाते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. कायद्याप्रमाणे सिलिकोसिस हा सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक असलेला व्यावसायिक, म्हणजे कामामुळे होणारा आजार आहे. कागदावर केवळ 'क्षय' असे लिहिले गेले, तर कारागीर औषधे घेऊन पुन्हा त्याच धुळीत परततो.

घरी जुना एक्स-रे असेल, तर तो नव्या फिल्मशेजारी ठेवून पाहण्यासाठी डॉक्टरांकडे जरूर न्यावा. योग्य उपचारांनी क्षयरोगाच्या सावल्या काही महिन्यांत फिकट होत जातात. सिलिकोसिसचे ठिपके औषधांनी जात नाहीत, आणि धूळ थांबल्यानंतरही ते वाढू शकतात.