पारदर्शक नळी धुरकट का होते? पीसीच्या वॉटर कूलिंगमधलं प्लास्टिक

पीसीला वॉटर कूलिंग (म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवायची सोय) लावलं की पहिले दोन-तीन महिने ती काचेसारखी नळी नुसती बघत बसावंसं वाटतं, आणि मग एक दिवस लक्षात येतं की अरे, ही तर धुरकट झालीये, दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी आत भरल्यासारखी. माझ्याकडे हे नागपूरच्या मे महिन्यात झालं. पहिला संशय शेवाळावर गेला, म्हणून लूप, म्हणजे पाणी फिरतं तो सगळा मार्ग, रिकामा केला, नवीन डिस्टिल्ड वॉटर भरलं, बायोसाइड (शेवाळ-जिवाणू मारणारं रसायन) टाकलं, तरी नळी तशीच. काढलेलं पाणी ग्लासात ओतून बघितलं तर एकदम स्वच्छ! म्हणजे जे काय बदललं होतं ते नळीत बदललं होतं.

ही मऊ नळी बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. घरच्या प्लंबिंगमधला कडक पाईपही पीव्हीसीचाच, कारण हे प्लास्टिक मुळात कडकच आहे. 1926 मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांनी ते सहजासहजी न उकळणाऱ्या द्रवात घालून तापवलं आणि थंड झाल्यावर हातात आला रबरासारखा लवचीक पदार्थ. आजही तीच युक्ती चालते, प्लास्टिकच्या लांब साखळ्यांच्या मधे तेलासारखं प्लास्टिसायझर घालायचं म्हणजे साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि नळी वाकते. मऊ नळीच्या वजनात तिसरा हिस्सासुद्धा हे तेल असू शकतं, आणि गंमत म्हणजे ते साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मधे बसलेलं असतं. त्यामुळे वाट मिळाली की ते हळूहळू बाहेर येतं. शाळेत कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसायचा आणि ओढून काढला की पट्टीवर खड्डा दिसायचा, आठवतंय? तो खोडरबर पीव्हीसीचा, त्यातलं प्लास्टिसायझर पट्टीत शिरून तिला मऊ करायचं.

लूपमध्येही तेच होतं, फक्त हे तेल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते नळीच्या आतल्या बाजूला सायीसारखं बसतं, नाहीतर पाण्याबरोबर फिरत वॉटर ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या ठोकळ्यात, जाऊन अडकतं. उष्णतेने हा प्रकार वाढतो. रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग, पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोलीतच 40 अंश असतील तर गेम चालू असताना पाणी 50 च्या आसपास जाणार, आणि नळीला तेच तासन् तास सोसावं लागणार.

पण धुरकट दिसलं की प्रत्येक वेळी प्लास्टिसायझरच असतं असं नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. नळी थोडं थोडं पाणी पितेसुद्धा. ते पाणी प्लास्टिकच्या आत बारीक बारीक थेंबांच्या रूपात साचतं. पीव्हीसीचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) साधारण 1.5 आणि पाण्याचा 1.33, त्यामुळे प्रत्येक थेंबाशी प्रकाशाची वाट वाकते, असे असंख्य थेंब असले की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि नळी पांढुरकी दिसते, धुकं पांढरं दिसतं तसंच. या धुरकटपणाने कूलिंगचं काहीच बिघडत नाही, दिसायला वाईट एवढंच.

दोन्हीतला फरक कळायला महागडं काही लागत नाही. नळीचा बोटभर तुकडा कापायचा, आतून पुसायचा नाही, आणि खिडकीत ठेवून द्यायचा. काही दिवसांत आपोआप पारदर्शक झाला तर ते शोषलेलं पाणी होतं, उडून गेलं. वाळूनही थर राहिला आणि कापसाच्या काडीने निघाला तर प्लास्टिसायझर. हिरवट-तपकिरी आणि हाताला बुळबुळीत लागलं तर मात्र खरंच शेवाळ किंवा जिवाणूंचा थर. आणि नळीला कूलंटचाच (लूपमधल्या रंगीत द्रवाचाच) रंग चढला असेल तर तो डाय आहे, तो सहसा जात नाही.

माझा तुकडा चार दिवसांत बराचसा उजळला, पण आत सायीचा पातळ थर राहिलाच, म्हणजे दोन्ही कारणं एकदम होती. मग ब्लॉक उघडला आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. आतल्या तांब्याच्या फिन्समधल्या (पातळ पात्यांमधल्या) फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात, आणि त्यात ओल्या पिठासारखा पांढरा गाळ ठासून बसला होता. प्रोसेसरचं तापमान हळूहळू का वाढत होतं ते तेव्हा कळलं, आणि मी उगाच प्रोसेसर आणि ब्लॉकच्या मधल्या थर्मल पेस्टला दोष देत होतो. जुन्या टूथब्रशने फिन्सच्या दिशेने हलक्या हाताने घासून डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतलं, तेव्हा कुठे तांबं दिसलं.

पारदर्शकच हवं असेल तर अ‍ॅक्रिलिक किंवा पीईटीजीची कडक नळी घ्या, त्यात असं तेल घालावं लागत नाही, फक्त पीईटीजी 80 अंशांच्या जवळ मऊ पडते म्हणून पंप बंद पडला तर आपोआप शटडाउन होईल असं सेटिंग हवंच, आणि अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलने कधीच पुसू नका, बारीक तडे जातात. मी मात्र ईपीडीएम रबराची काळी नळी लावली. पाणी फिरताना दिसत नाही याचं अजून वाईट वाटतं, पण पुढच्या मे नंतर ब्लॉक उघडला तेव्हा फिन्स लखलखीत होत्या.